तानेलीचा उजवा कान

“पाठभर?”

“पाठभर.”

“कमरेपर्यंत?”

“कमरेपर्यंत नाही लावल्या तर त्या तुंबड्या कसल्या, वस्ताद? ते नुसते मुके घेतल्यासारखं झालं.”

राउतिओ वस्ताद हसला नाही. एरवी हसला असता. फिनलंडात, कोटकाच्या कामगार क्लबात लोविसाच्या असल्या बोलण्याला सगळ्यात मोठ्यांदा तोच हसायचा. पण हे कोटका नव्हतं. हे स्टॉकहोम होतं, एकोणीसशे बारा सालचा जुलै होता, आणि ऑलिंपिकच्या नव्या स्टेडियमच्या पोटातली ती विटांची खोली सकाळीच भट्टीसारखी तापली होती. समोर बाकावर तानेली वाकून बुटांच्या नाड्या आवळत होता. अंगात सदरा नव्हता. ओले पेले ठेवून उचललेल्या मेजासारखी त्याची पाठ दिसत होती. गोल गोल लालजांभळे ठसे, आणि प्रत्येक ठशात पात्याने टाकलेल्या फासण्यांच्या बारीक रेघा.

“कधी लावल्यास?”

“काल संध्याकाळी. बोटीतून उतरले ती थेट इथल्या आपल्या कोटकावाल्या सुताराच्या सौनेत. हा आधीच तापवून बसला होता.”

“मला न विचारता.”

“आजवर कधी विचारलं होतं? वीपुरीच्या कुस्त्यांआधी विचारलं होतं? हेलसिंकीला विचारलं होतं? तिथून परतताना तुम्हीच म्हणालात, लोविसाची तुंबड्यांची शिंगं म्हणजे क्लबाचा दुसरा वस्ताद.”

“ते हिवाळ्यात म्हणालो होतो, बाई. छपराखाली. तिथे ठरलेल्या वेळेत घंटा व्हायची. इथे बघितलंस का बाहेर काय चाललंय? उघड्या उन्हात गादी टाकलीय. काल तो हंगेरीवाला उभ्या उभ्या ओकला आणि पडला, चौघांनी उचलून नेला. इथे घंटा नाही. कोणीतरी चीत होईपर्यंत लढायचं. दुपार होवो, संध्याकाळ होवो. आणि तू काय केलंस, तर आदल्या दिवशी त्याचं रक्त काढलंस.”

“वाईट रक्त काढलं.”

“त्याला आज चांगलं-वाईट सगळं लागणार आहे.”

 लोविसा जरा हळू आवाजात म्हणाली, “घंटा नाही म्हणजे?”

“म्हणजे नाही.”

“हे मला कोणी सांगितलं नाही.”

“तू कोणाला विचारलंस?”

तानेली नाड्या सोडून सरळ बसला. “पाठ माझी आहे,” तो म्हणाला. “मी पालथा झालो म्हणून अक्काने लावल्या. मला काय बांधून घातलं होतं तिने? आणि वस्ताद, तुम्ही असे आरडलात ना, तर भिंतीपलीकडच्या त्या स्वीडनवाल्याला फिनिश न येताही सगळं कळेल.”

“कळू दे. आज हरलास की तू घरी. एक हार आधीच पदरात आहे, दुसरीला जागा नाही. क्लब मला विचारेल, मी सांगेन काय सांगायचं ते.” राउतिओने टोपी डोक्यावर दाबली आणि लोविसाकडे बघितलं. “पण हा पडला ना, लोविसा, कालच्या त्या हंगेरीवाल्यासारखा पडला, तर तुला विचारायला कोणी येणार नाही. ते तुझं तुलाच बघावं लागेल.”

बाहेर पंचाच्या माणसाने नावं पुकारली. तानेलीचं नाव त्याने असं काही तोडून मोडून घेतलं की तानेलीलाच हसू आलं. जाता जाता त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. हात कोरडा होता, आणि गार. एवढ्या उकाड्यात गार.

लोविसा तशीच उभी राहिली. मग तिने त्याचा सदरा उचलला, झटकला, घडी घातली, आणि परत उलगडून परत घडी घातली.

आमच्या कोटकात लोविसाला कोण ओळखत नाही? नदीतून ओंडके वाहत येतात, गिरणीत त्यांच्या फळ्या होतात, आणि त्या फळ्या खांद्यावर वाहून बंदरापाशी रचणाऱ्या माणसांची पाठ शनिवारपर्यंत लाकडापेक्षा कडक झालेली असते. शनिवारी सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापते. आधी घाम, मग बर्च झाडाच्या डहाळ्यांच्या जुडीचे फटके, आणि ज्याला खरंच दुखतंय त्याला लोविसा. गाईची शिंगं, टोकाशी भोक, त्यावर वाळवलेल्या पातळ कातडीचा पडदा. ती शिंग पाठीवर ठेवून तोंडाने ओढते, पाठीची कातडी फुगून वर आली की शिंग काढून पात्याने टचटच फासण्या टाकते, आणि शिंग परत चिकटवते. मग काळं रक्त आपोआप भरतं. बायका म्हणतात, लोविसाच्या ओठांनी एकदा धरलं की सुटका नाही. पुरुष म्हणतात, म्हणूनच तिचं लग्न झालं नाही. ती म्हणते, “लग्न कशाला करू? अर्ध्या गावाच्या नवऱ्यांना मी उघडं बघितलंय. त्यात एकही धड नाही.”

शिंगं तिच्या आईची. विद्याही आईचीच. आईने तिला दोन गोष्टी देऊन डोळे मिटले: ती शिंगांची थैली, आणि दुपट्यातला तानेली. आई शिकवायची, माणसाच्या तोंडाकडे बघू नकोस, तोंड खोटं बोलतं. फळी वाहणारा मरता मरताही म्हणेल, मला काही झालं नाही. तू त्याचा कान बघ. कानाची पाळी गुलाबी आहे तोवर रक्त आहे. पाळी मेणबत्तीसारखी पांढरी झाली की हातातलं शिंग टाक, डोकं खाली कर, मीठ घातलेलं ताक पाज. लोविसाच्या हातून कधी कोणी दगावलं नाही ते या कानामुळे. गिरणीचा एक भट्टीवाला एकदा बाकावर बसून मोठ्या रंगात गोष्ट सांगत होता. लोविसाने मधेच त्याची मान धरून डोकं गुडघ्यात कोंबलं. तो शिव्या देत होता, आणि शिव्या देता देताच गळपटला. तिच्या हातात होता म्हणून वाचला, तापल्या दगडांवर पडला नाही.

तानेलीला तिने वाढवला तोही याच थैलीच्या बळावर. पंधराव्या वर्षी तो फळ्या वाहायला लागला आणि पहिल्याच उन्हाळ्यात खांदा धरला. लोविसाने तुंबड्या लावल्या. दुसऱ्या दिवशी क्लबात त्याने गंमत म्हणून एका थोराड गड्याशी झोंबी घेतली आणि त्याला चीत केला. झालं. तेव्हापासून कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी सौना, आणि सौनेत लोविसा. जसं मोठ्या कामाला निघताना आपण सगळेच अंग धुऊन, रक्त मोकळं करून निघतो, तसंच. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. राउतिओलाही नाही. म्हणून तर क्लबाने तिला गड्यांचे कपडे धुवायला-शिवायला म्हणून मागाहून बोटीवर चढवलं. धुणं हा नुसता बहाणा होता. सगळ्यांना हवी होती ती थैली.

स्टेडियमच्या स्वस्तातल्या रांगेत सुताराची बायको सानेल्मा तिची जागा धरून बसली होती. सुतार नवराबायको कोटकाचेच, स्टॉकहोमला येऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या अंगणात त्यांनी सौना बांधली होती आणि शेजारपाजारचे स्वीडिश त्यांना त्यावरून चिडवायचे.

“ये, बैस,” सानेल्मा म्हणाली. “तो बघ तुझा. आणि तो त्याच्यासमोरचा हेडब्लूम. बिअरच्या पिंपांची गाडी हाकतो. पिंप गाडीत चढवायला याला माणूस लागत नाही म्हणे.”

“दिसतंय.”

“मान बघ. मान नाहीच. डोकं थेट खांद्यावर ठेवलंय.”

लोविसा मान बघत नव्हती. ती तानेलीचा कान बघत होती. त्यातही अडचण होती. तानेलीचा डावा कान कुस्त्यांमध्ये चेंगरून कधीच कोबीचा गड्डा झाला होता, त्याचा रंग बारा महिने सारखाच. खरं बोलणारा कान एकच, उजवा. आणि गादीवर दोन माणसं एकमेकांना भिडून फिरायला लागली की उजवा कान कधी सामोरा येतो, कधी पाठमोरा होतो.

पंचाने हात खाली केला. दोघं भिडले.

पहिला बराच वेळ काही झालंच नाही. या कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नाही, पाय अडकवायचा नाही. त्यामुळे छातीला छाती, कपाळाला कपाळ, आणि मनगटांची ओढाताण. हेडब्लूम रेटत होता. तानेली मागे सरायचा, वळायचा, परत जागेवर यायचा. स्वीडनची माणसं आपल्या गड्याला तालात हाका मारत होती. कुणीतरी तानेलीच्या पाठीकडे बोट दाखवून ओरडलं आणि आसपासच्या रांगा हसल्या.

“काय म्हणाला?” लोविसाने विचारलं.

“म्हणाला, फिनलंडवाल्याला ढेकणांनी खाल्लंय.”

“त्याला म्हणावं, ये सौनेत. तुलाही खाते.”

सानेल्मा खुदकन हसली आणि लोविसाचा चेहरा बघून गप्प झाली. “काय झालं गं?”

“उजवा कान. वळला की सांग मला कसा दिसतो. तुझी नजर चांगली आहे.”

“गुलाबी. लालच म्हण. का?”

“बघत राहा.”

ऊन वर चढलं. पंच मधेमधे पाणी प्यायला थांबवायचा, तेव्हा राउतिओ गादीच्या कडेला ओला पंचा घेऊन धावायचा. पहिल्या विसाव्यात तानेली उभाच राहिला. दुसऱ्यात बसला. तिसऱ्यात त्याने पेला दोन्ही हातांनी धरला. हे लोविसाने बघितलं. फळी वाहणाऱ्या माणसाला पेला धरायला दोन हात लागत नाहीत.

ती रांगेतून खाली उतरली, कठड्यापाशी गेली. सानेल्माच्या घरून आणलेल्या बाटलीत मीठ घातलेलं ताक होतं.

“वस्ताद, हे त्याला द्या.”

राउतिओने बाटली घेतली, हुंगली. “पाणी पितोय तो.”

“पाणी नुसतं घामातून जाईल. मीठ गेलं पाहिजे पोटात. द्या हो.”

त्याने दिली. तानेलीने घोट घेतला, कठड्याकडे बघितलं आणि हात वर केला. बहिणीने पाठवलंय म्हणून प्यायला, एवढंच. पण ती जागेवर परत गेली नाही. कठड्याला चिकटून उभी राहिली. एका शिपायाने येऊन स्वीडिशमध्ये काहीतरी सुनावलं. तिने फिनिशमध्ये त्याला शांतपणे सांगितलं की तुझ्या आईला जाऊन सांग. शिपायाला कळलं नाही, पण तो गेला.

आता हेडब्लूमही दमला होता. त्याचा दम मोठा होता आणि त्याचं वजन त्याहून मोठं. तो रेटायचा थांबला आणि नुसता तानेलीच्या अंगावर टेकायला लागला. ओंडका ओंडक्यावर टेकतो तसा. सगळा भार समोरच्यावर टाकायचा आणि उन्हाला आपलं काम करू द्यायचं. स्वीडनच्या रांगांना ते कळलं. त्यांच्या हाका थांबल्या. पुष्कळ माणसं एकदम गप्प झाली की फार वाईट वाटतं, कारण सगळे एकाच गोष्टीची वाट बघत असतात.

दोघं हळूहळू फिरले. उजवा कान सामोरा आला.

पांढरा. पाळी पांढरी, कडा पांढरी. मागच्या लालबुंद मानेवर तो कान कुणीतरी मेणाचा करून चिकटवल्यासारखा दिसत होता.

“वस्ताद.” तिने आवाज चढवला नाही. “थांबवा.”

राउतिओने वळून बघितलं नाही. “काय?”

“थांबवा कुस्ती. त्याचा कान गेला.”

“काय कान कान लावलंयस? हेडब्लूम बघ. त्याचे गुडघे लटपटतायत. अजून थोडा वेळ, लोविसा. थोडा वेळ उभा राहिला की तोच पडतो.”

“हा आधी पडेल.”

“सकाळी मी हेच सांगत होतो तेव्हा तू मुके घ्यायच्या गोष्टी करत होतीस.”

“सकाळी तुमचं खरं होतं. आता माझं ऐका. पंचा टाका गादीवर, हरला म्हणा, मी त्याला घेऊन घरी जाते.”

आता राउतिओ वळला. त्याचेही ओठ सुकले होते. “वर तो खांब दिसतोय?” तो म्हणाला. “त्याच्यावर आपला झेंडा नाही चढत. आपला कोणीही जिंकला तरी रशियाच्या झारचाच चढतो, राज्य त्याचं म्हणून. पण कागदावर नाव आपलं लिहितात, गाव आपलं लिहितात. आज जिंकला तर उद्या शेवटची कुस्ती. कोटकाचा माणूस शेवटच्या कुस्तीत. आणि मी पंचा टाकू? एका कानासाठी?”

“माझा भाऊ आहे तो.”

“माझा कोणी नाही का? पंधराव्या वर्षापासून त्याला मी उचलून आपटलाय.”

तिने राउतिओच्या हातातला पंचा ओढला. त्याने सोडला नाही. कठड्याच्या दोन बाजूंनी दोघं एक ओला पंचा धरून उभे राहिले, आणि कोणीच ओढेना, कारण दोघंही गादीकडे बघत होते.

हेडब्लूमने सगळं अंग टाकलं होतं. हनुवटी तानेलीच्या खांद्यावर, हात त्याच्या मानेभोवती. तानेलीचं तोंड किंचित उघडं होतं. तो कुठेच बघत नव्हता. भट्टीवाला गोष्ट सांगता सांगता असाच कुठेच बघत नव्हता.

“तानेली,” लोविसा ओरडली. “बस झालं. सोड.”

त्याने मान जराशी तिच्याकडे वळवली. आणि त्याचे गुडघे गेले.

वाकले नाहीत, गेले. दोरी कापल्यासारखे. उजवा खांदा खाली आला, अंग अर्धं वळलं, आणि त्याच्यावर रेलून उभ्या असलेल्या त्या अवजड माणसाला टेकायला पुढे काही उरलंच नाही. हेडब्लूम तानेलीच्या खांद्यावरून डोक्यावर उलटला, धपकन पाठीवर आला, आणि तानेली त्याच्या छातीवर आडवा पडला. हेडब्लूमचे दोन्ही खांदे गादीला लागले होते. पंच गुडघ्यावर बसला, त्याने वाकून बघितलं आणि शिट्टी फुंकली.

 मग आमच्या लोकांच्या रांगेतून आवाज फुटला.

“धोबीपछाड,” राउतिओ पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बघितलास खांदा? फळी उतरवताना टाकतो तसा टाकला. इतका वेळ राखून ठेवला होता पठ्ठ्याने.”

लोविसाने तोवर पंचा सोडला होता आणि कठडा ओलांडला होता. तिने भावाला उताणं केलं, त्याचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले, डोकं खाली केलं आणि गादीच्या कडेची बाटली ओढून तिच्यातलं उरलेलं ताक थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडलं. पंच काहीतरी म्हणत होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. बऱ्याच वेळाने तानेलीने डोळे उघडले.

“कोण पडलं?” त्याने विचारलं.

संध्याकाळी सानेल्माच्या अंगणात सौनेच्या धुराड्यातून बारीक धूर निघत होता. लोविसा ओट्यावर बसून शिंगं धूत होती. तिला धुवायची नव्हती, पण हाताला दुसरं काम नव्हतं.

“फार तापवू नकोस गं,” ती म्हणाली. “नुसतं अंग शेकण्यापुरतं.”

“नाही तापवत.” सानेल्माने एकच ढलपी आत सारली. “गल्लीतले सगळे विचारून गेले. स्वीडिशसुद्धा. म्हणाले, डाव काय टाकला.”

“डाव नव्हता तो. त्याला घेरी आली.”

सानेल्माने तिच्याकडे बघितलं. “खरंच?”

“तूच बघत होतीस ना कान. मी काढलेल्या रक्ताने त्याला घेरी आली, आणि तो बैल त्याच्यावर टेकला होता म्हणून उलटला. जरा डावीकडे टेकला असता तर तानेलीच खाली गेला असता. मानेवर.”

“मग त्याला सांग की.”

“सांगू? उद्या सकाळी शेवटची कुस्ती आहे. त्याला वाटतंय, अंगात ताकद होती, डाव साधला. ते काढून घेतलं तर तो गादीवर काय घेऊन उतरेल?”

“मग नको सांगू.”

“नाही सांगितलं तर तो पालथा होईल आणि म्हणेल, लाव.”

सानेल्माने भट्टीचं दार लावलं. 

आत तानेली खरंच पालथा झाला होता. लाकडी बाकावर, हनुवटी हातांवर ठेवून. पाठीवरचे कालचे ठसे आता गर्द जांभळे झाले होते. राउतिओ टोपी हातात घेऊन, ठेंगण्या दारातून वाकून आत आला आणि बादलीवर बसला. सौनेत बूट घालून येणारा माणूस आमच्याकडे कोणी बघितला नसेल. पण त्याला त्याचं भान नव्हतं.

“ये अक्का,” तानेली म्हणाला. “आज जरा जास्तच लाव. मानेपासून.”

“कालच्या फासण्या सुकल्या नाहीत अजून.”

“मधल्या जागेत लाव. जागा आहे.”

“अंग कसं आहे?”

“झकास. पिसासारखं. गादीवरही तसंच झालं होतं बघ. आधी नुसता दगड बसला होता छातीवर, आणि मग एकदम हलकं. तुझा आवाज आला तेवढं आठवतंय. खांदा आपोआप गेला. मी काही केलंच नाही असं वाटलं.” तो हसला. “तुझ्या शिंगांनी केलं. अंगात जडपणा राहिला असता तर तो खांदा गेलाच नसता.”

लोविसाने राउतिओकडे बघितलं. म्हटलं हा तरी काही बोलेल.

“लाव,” राउतिओ म्हणाला.

“सकाळी तुम्ही काय म्हणत होतात, वस्ताद?”

“सकाळी मला काय ठाऊक होतं?”

“आता काय ठाऊक झालं?”

“जिंकला, ते ठाऊक झालं. कान पांढरा झाला म्हणालीस, आणि तेवढ्यात जिंकला. मी पंचा टाकला असता तर? तुझं ऐकलं असतं तर?” त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. आवाज मवाळ केला. “सकाळी मी नको तसं बोललो. तोंडच तसं आहे माझं. तू मनात धरू नकोस. पण उद्या याच्यापेक्षा तगडा गडी आहे, आणि ऊन आजच्यापेक्षा कमी नसणार. जे आज चाललं ते उद्या बदलायचं नाही. कुस्तीत असं कोणी करत नाही. लाव, लोविसा.”

ती भावाच्या उशाशी बसली. खिडकीच्या छोट्या काचेतून संध्याकाळचं ऊन तिरपं आत येत होतं, अजून पुष्कळ उजेड होता. तिने त्याचे ओले केस बोटाने मागे सारले. लहानपणी तो तापला की ती अशीच सारायची. उजवा कान उजेडात आला. रंग परतला होता, पण पुरता नाही. पाळीच्या टोकाशी अजून तो मेणासारखा पांढरेपणा होता.

“अगं, केस काय सारतेस,” तानेली म्हणाला. “शिंगं काढ.”

तिने थैली जवळ ओढली. शिंगं बाहेर मांडलेली होती, धुतलेली, स्वच्छ. तिने पहिलं उचललं. तानेलीने श्वास सोडून पाठ सैल केली. ती सवयच होती त्याला, पहिलं शिंग लागायच्या आधी पाठ सैल करायची. लोविसाने ते शिंग थैलीत टाकलं. दुसरं उचललं, तेही टाकलं. लाकडावर शिंगं सरकल्याचा आवाज झाला तेव्हा तानेलीने मान वळवली.

“अक्का, काय करतेस?”

तिसरं. चौथं. पातं फडक्यात गुंडाळून तेही आत.

“लोविसा,” राउतिओ उठून उभा राहिला आणि त्याचं डोकं छपराच्या वाशाला लागलं. “रुसायची वेळ आहे का ही? मी माफी मागितली ना. अजून कशी मागू?”

तिने थैलीची वादी ओढून आवळली.

“अक्का.” तानेली कोपरावर उठला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. “हे बघ, लावायच्या नसतील तर नको लावूस. पण मला सांग. आज काय झालं गादीवर? तू इतक्या जवळ उभी होतीस. तू बघितलंयस. खांदा मी टाकला की नाही?”

राउतिओही तिच्याकडे बघत होता.

लोविसाने थैली काखेत धरली, ठेंगण्या दारातून वाकली आणि बाहेर पडली. अंगणात सानेल्मा उभी होती. तिच्यासमोरून ती तशीच फाटकाकडे गेली.